डन्जन्स अँड ड्रॅगन्स, चौथी आवृत्ती
टेबलाभोवती बसून खेळायच्या या भूमिका-खेळाची 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या अमेरिकी कंपनीने जून २००८ मध्ये काढलेली आवृत्ती. मूळ खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा (१९७४). पात्रांचे वर्ग, पातळ्या, प्राणांक ही सामग्री संगणकी खेळांनी त्यातूनच उचलली. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळानंतर उसनवारी उलट्या दिशेने झाली. ही आवृत्ती घडवणाऱ्या रॉब हाइन्सू यांच्या चमूने प्रत्येक वर्गाला रक्षक, प्रहारक, नेता, नियंत्रक यांपैकी एक काम नेमून दिले. ऑनलाइन खेळात शत्रूला अंगावर ओढून घेणारा 'टँक' असतो. इथे त्याच्या जागी रक्षक असलेला योद्धा शत्रूवर खूण करतो. मग त्या शत्रूने त्याला वगळून दुसऱ्यावर हल्ला केला, तर फाशाच्या दानातून २ वजा होतात. शत्रूला निवड उरते, पण ती महागात पडते. निव्वळ नक्कल म्हणून हे उडवून लावता येत नाही. शक्तींचीही हवी तेव्हा, चकमकीत एकदा, दिवसातून एकदा अशी वाटणी झाली. त्यामुळे मांत्रिक आणि तलवारबाज सारखेच वाटू लागले, ही टीका मात्र रास्त. बरेच जुने खेळाडू पायझो कंपनीच्या 'पाथफाइंडर' या भूमिका-खेळाकडे (२००९) वळले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नेमलेल्या भूमिका गेल्या. छोट्या विश्रांतीनंतर परतणाऱ्या शक्ती मात्र राहिल्या.