नेल्लोरच्या बायकांचा रात्रीचा वर्ग



सप्तव्यसनांत मद्य येतं, हे आपण लहानपणीच पाठ केलेलं. व्यसन सोडायचं म्हटलं की आपल्याला महाराजांचं प्रवचन आणि नियम आठवतो. आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात दारूविरुद्धचं बळ आलं ते प्रौढांच्या साक्षरता वर्गातून.

तिथे १९९० साली साक्षरता मोहीम सुरू झाली. दिवसभर शेतात राबून, चूल उरकून बायका रात्री पाटी घेऊन बसायच्या. पुस्तकात नुसती अक्षरं नव्हती, मजुरी आणि दारूसुद्धा होती. 'सीताम्माची कथा' हा त्यातलाच एक धडा. तो वाचता वाचता बायका आपापल्या घरचं बोलू लागल्या. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी कुठे जाते, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पण शेजारणीचंही तेच आहे, हे असं चारचौघींत कोण बोलतं? माझ्या मते अक्षरओळखीइतकंच या बसण्याचं मोल होतं.

दुबगुंटा गावात रोसम्मा आणि इतर बायकांनी अरॅकचं, म्हणजे तिथल्या देशी दारूचं, दुकान बंद पाडलं. तीच हकिगत पुढच्या पुस्तकात धडा म्हणून आली: 'आडवाळ्ळु एकमैते', म्हणजे बायका एक झाल्या तर! गावोगावच्या वर्गांत तो वाचला गेला आणि १९९२ मध्ये जिल्हाभर दुकानं बंद पडू लागली. दुकानांचे लिलाव होऊ द्यायच्या नाहीत, म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या.

मी कॉमर्सची, म्हणून मला जमाखर्चच आधी दिसतो. अरॅक पुरवण्याची सरकारचीच 'वारुणी वाहिनी' योजना होती आणि त्या महसुलावर तिजोरी भरत होती. म्हणजे सरकारची जमा ती या बायकांच्या घरची नावे! तरीही एप्रिल १९९३ मध्ये नेल्लोरला आणि १ ऑक्टोबरला राज्यभर अरॅक बंद झाली. १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदीही आली. ती १९९७ मध्ये शिथिल झाली; अरॅकवरची बंदी मात्र राहिली.

दारूतून वाचलेल्या पैशाचंही त्यांनी बघितलं. 'पोदुपुलक्ष्मी' नावाचे बचतगट निघाले. प्रत्येकीने रोज एक रुपया टाकायचा, आणि अडीनडीला त्यातूनच कर्ज घ्यायचं.