चाळीस अंशांतली आसनं

आम्ही अकोल्याची माणसं. चाळीस अंशांचं आम्हाला कौतुक नाही. मे महिन्यात त्याहून जास्त सोसून आम्ही गच्चीवर पापड वाळवतो. त्यामुळे लोक पैसे भरून, बंद खोलीत हीटर लावून, चाळीस अंशांत दीड तास आसनं करतात हे ऐकून मला आधी हसूच आलं. पण टोरांटोच्या भाचीने हा 'हॉट योगा' सुरू केला आणि विचारलं, "मावशी, अंग लवचिक व्हायला हे बरं का गं? आणि हे आपल्याकडचं जुनंच ना?" जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

जुनं म्हणाल तर पंधराव्या शतकाच्या सुमाराची स्वात्मारामाची 'हठयोगप्रदीपिका' बघावी. त्यात घाम आहे. प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगाला चोळावा, म्हणजे शरीर दृढ आणि हलकं होतं, असं तिथे सांगितलंय. पण तोच ग्रंथ अभ्यासाच्या सुरुवातीला अग्निसेवन, म्हणजे शेकोटीशी बसणं, टाळायला सांगतो. त्यामुळे तापवलेल्या खोलीला शास्त्राचा आधार शोधायला जाऊ नये.

ती खोली विसाव्या शतकातली. तिची मुळं मात्र कोलकात्यात आहेत. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष (1903–1970) यांनी 1923 साली तिथे व्यायामशिक्षणाचं कॉलेज काढलं. वजनं उचलणं आणि आसनं तिथे शेजारी शेजारी नांदत. उपचारासाठी येणाऱ्याची तक्रार ऐकून त्याला त्याच्यापुरती आसनं नेमून देत, वैद्य मात्रा देतो तशी. खोली तापवत नसत. कोलकात्याला त्याची गरज काय!

घोषांचे एक शिष्य बिक्रम चौधरी. वजन उचलताना आपला गुडघा दुखावला आणि गुरूंनी तो बरा केला, असं ते सांगत. जपानमध्ये शिकवताना थंडीमुळे हीटर लावले आणि त्यातून ही पद्धत सुचली, हेही त्यांचंच सांगणं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिस परिसरात त्यांचा जम बसला. 26 आसन-प्राणायामांची ठरलेली मालिका, 90 मिनिटं, सुमारे 40 अंश तापमान, 40 टक्के आर्द्रता. शिक्षकांनी बोलायची वाक्यंसुद्धा पाठ करायची!

मला खटकतं ते इथे. ज्या माणसाचा गुडघा गुरूने जातीने लक्ष घालून बरा केला, त्याने सगळ्या गुडघ्यांना एकच धडा दिला. पाठ केलेलं बोलणारा मास्तर शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघणार कधी? धडा ठरीव झाला, तसा तो विकायचा माल झाला, आणि मग मालकीही आली. चौधरींनी मालिकेवर कॉपीराइट सांगितला. अखेर 2015 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की आसनांच्या अशा क्रमावर कॉपीराइट लागू होत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढची. 2013पासून काही शिष्यांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे दावे लावले. त्यांनी आरोप नाकारले. 2016 साली त्यांच्या माजी कायदा-सल्लागार महिलेने छळाबद्दल लावलेल्या दाव्यात ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी त्यांच्यावर अटक वॉरंट निघालं, तोवर त्यांनी अमेरिका सोडली होती. गुरूला प्रश्न विचारायचा नाही, ही आपली जुनी सवय परदेशीही पोचली, याचं वाईट वाटतं.

आता पहिला प्रश्न. 2013 साली कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात तरुणांनी आठ आठवड्यांत या मालिकेचे 24 वर्ग केले, आणि त्यांची लवचिकता व ताकद वाढली. म्हणजे गुण येतो. पण तो उष्णतेचाच, असं नाही. 2018 साली टेक्सासमध्ये मध्यमवयीन लोकांना हीच मालिका गरम आणि साध्या, दोन्ही खोल्यांत 12 आठवडे करायला लावली. रक्तवाहिन्यांचा फायदा दोन्हीकडे दिसला.

ताठरपणावर उष्णतेवाचूनही उपाय आहेत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या वापरून वाकता न येणाऱ्यालाही आसनात बसवलं. साठीनंतर माझे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा गल्लीतल्या योगवर्गाच्या बाईंनी खुर्ची आणि पट्टा हातात दिला. सहा महिन्यांनी मी पायाची बोटं धरली!

तेव्हा घरच्या मंडळींनो, गरम खोलीत जायचंच असेल तर जा. पण रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. भरपूर पाणी प्या. गरम अंग जास्त वाकतं, म्हणून ताण हात राखून घ्या. गरगरलं तर सरळ बाहेर या, कुणी काही म्हणो. आणि पहिल्या दिवशी शिक्षक तुमचं दुखणंखुपणं विचारतात का, ते बघा. विचारत नसतील, तर दुसरा वर्ग शोधा.