श्वासनलिका-नलिकाप्रवेश : उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतील
पूर्ण भूल देताना श्वसनमार्ग मोकळा व सुरक्षित ठेवण्यासाठी तोंडावाटे किंवा नाकावाटे श्वासनलिकेत नळी घालण्याची क्रिया. स्वरयंत्र पाहण्याच्या उपकरणाचे (लॅरिंगोस्कोपचे) पाते जिभेच्या मुळाशी टेकून उचलले की घशातील संवेदी तंत्रिका उद्दीपित होतात. अनुकंपी तंत्रिका तंत्र जागे होऊन रक्तात नॉरॲड्रेनॅलीन वाढते. नाडी व रक्तदाब काही सेकंदांत चढतात आणि बहुधा ५ ते १० मिनिटांत उतरतात. रीड व ब्रेस यांनी १९४० मध्ये श्वसनमार्गाच्या उद्दीपनाचा हृदयावरील हा प्रतिक्षेपी परिणाम वर्णिला. प्रीस-रॉबर्ट्‌स व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत तो तपासला.

अशा रुग्णांच्या रोहिण्या ताठर असल्याने ही वाढ अधिक तीव्र असते. तीमुळे हृद्‌स्नायूंना रक्त अपुरे पडणे, हृदयाची लय बिघडणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे संभवते. उलट, प्रोपोफॉल हे भूल देणारे औषध शिरेतून वेगाने दिल्यास नळी घालण्याआधीच रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

म्हणून भूल पुरेशी खोल करून, फेंटानिल, लिडोकेन किंवा एस्मोलॉल यांपैकी योग्य औषध आधी देतात व लॅरिंगोस्कोपी शक्यतो १५ सेकंदांत उरकतात. नियमित चालू असलेले बीटा-रोधक शस्त्रक्रियेच्या दिवशीही बंद करीत नाहीत. नळी काढतानाही हाच प्रतिसाद उमटतो. त्या वेळीही तितकीच दक्षता आवश्यक असते.