सागरी भोवरे आणि कर्बवायूची देवाणघेवाण: देवगड-जामसंडे किनाऱ्यासाठी माहिती

माणसाच्या व्यवहारातून बाहेर पडणाऱ्या कर्बवायूपैकी (कार्बन डायऑक्साइड) सुमारे एक चतुर्थांश वाटा जगभरातील समुद्र शोषून घेतात. मात्र जामसंड्यासमोरचा अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात घेतो त्यापेक्षा जास्त कर्बवायू हवेत सोडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या मोजणीतून हे दिसून आले. या देवाणघेवाणीत सागरी भोवऱ्यांचाही हात असतो.

सागरी भोवरा म्हणजे काय?

समुद्री प्रवाह वळणे घेतात तेव्हा पाण्याची मोठी फिरती वर्तुळे तयार होतात. त्यांची रुंदी दहा-वीस किमीपासून काहीशे किमीपर्यंत असते आणि ती काही आठवडे ते काही महिने टिकतात. उत्तर गोलार्धात त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

- थंड गाभ्याचा भोवरा: घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. खालचे थंड पाणी वर येते.
- उबदार गाभ्याचा भोवरा: घड्याळाच्या दिशेने फिरतो. वरचे पाणी खाली दाबले जाते. सोमालियाजवळ पावसाळ्यात तयार होणारा ‘ग्रेट व्हर्ल’ हा या प्रकारचा.

कर्बवायूवर परिणाम कसा होतो?

- मेलेले सूक्ष्मजीव खोल पाण्यात कुजतात. त्यामुळे तिथे खताच्या खड्ड्याप्रमाणे नत्र, स्फुरद आणि कर्बवायू साठतो. हे पाणी वर आले की कर्बवायू हवेत सुटतो.
- त्याच नत्र-स्फुरदावर वनस्पती प्लवंग वाढतात आणि कर्बवायू शोषतात.
- थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो; पाणी तापले की बाहेर पडतो.
- वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास देवाणघेवाण सुमारे चौपट वेगाने होते.

म्हणून थंड गाभ्याचा भोवरा कर्बवायू सोडेल की घेईल, हे ऋतू, वारा आणि प्लवंगांची वाढ यांवर ठरते. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल पाण्याचा उपसा आणि जोराचा वारा एकाच वेळी असतात. त्यामुळे सोडण्याची बाजू जड होते.

शेतकरी व कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

- भोवऱ्यामुळे बागेतील हवेचा कर्बवायू जाणवण्याइतका बदलत नाही. हापूसच्या मोहोरातील किंवा फळधारणेतील बदल त्याच्याशी जोडू नये.
- पावसाळ्याच्या उत्तरार्धात किनाऱ्याकडे येणाऱ्या खोल पाण्यात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते. कालवे व शिंपले पालन करणाऱ्यांनी या काळात पाण्याचा सामू व विरघळलेला प्राणवायू तपासावा.
- मच्छीमारांनी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला पाहावा. तो पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह नोंदींवर आधारित असतो.
- समुद्र कर्ब सांभाळेल, या भरवशावर राहू नये. बागेतील पालापाचोळा न जाळता आळ्यात आच्छादन करावे. कातळावरील जमिनीत ओल टिकते आणि सेंद्रिय कर्बही वाढतो.