सिएरा : एका इंजिनापासून तीन इंजिनांपर्यंत

मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन बसवून बनवलेल्या वेगवान गाडीला अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने ‘टेम्पेस्ट’ या गाडीसाठी ‘जीटीओ’ नावाचा जादा पैशांचा संच विकायला काढला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. सांगाडा एकच ठेवून इंजिन आणि ट्रिम, म्हणजे सोयी व सजावटीची पायरी, गिऱ्हाइकाने निवडायची ही त्या बाजाराची रीत असल्यामुळे, ‘डॉज चॅलेंजर’सारखे बंद पडलेले नाव २००८ मध्ये परतले तेव्हा चर्चा मुख्यतः इंजिनांचीच झाली. महाराष्ट्रात इंजिनांविषयीचे असेच तर्क ज्या गाडीभोवती रंगले ती टाटांची सिएरा होय.

पुण्यात कारखाना असलेल्या टेल्को कंपनीने (२००३ पासून टाटा मोटर्स) १९९१ मध्ये आणलेल्या मूळ सिएरात इंजिनाची निवड जवळजवळ नव्हतीच. मालमोटारींच्या या कारखान्याने आपल्या पिकअप गाडीच्या सांगाड्यावर तीन दारांची, मागे छतापर्यंत वळणारी मोठी काच असलेली ही गाडी उभी केली आणि तिला सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन दिले. सत्तरच्या आतील अश्वशक्तीमुळे ते संथ होते, म्हणून पुढे त्याला टर्बोचार्जर, म्हणजे दाबाने जादा हवा पुरवणारे यंत्र, जोडले गेले. पेट्रोलपेक्षा स्वस्त डिझेल आणि कारखान्याच्या हाती असलेले तंत्र यांनी ही निवड आधीच केली होती. फोर व्हील ड्राइव्हचा पर्याय मात्र तेव्हा मिळे.

२०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये सिएराचे नवे प्रतिरूप विजेवरील गाडी म्हणून मांडले गेले, आणि तिथून तर्कांना जोर आला. टाटांच्याच हॅरिअर या गाडीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन मिळेल का, की १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ या धूर-मर्यादेमुळे डिझेलच जाईल, असे प्रश्न होते. यामागे करांचाही हिशेब होता: चार मीटरपेक्षा लांब गाडीवर, इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ४५ टक्के, तर त्याहून मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर ५० टक्के आकारणी होई. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ४० टक्के लागू झाले. तोवर दीड लिटरची इंजिने तयार होती.

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी गाडी सादर झाली ती तीन इंजिनांसह, आणि तिन्ही दीड लिटरचीच: साधे पेट्रोल १०६, टर्बो पेट्रोल १६०, तर टाटांच्याच कर्व्ह या गाडीतून आलेले डिझेल ११८ अश्वशक्तीचे. नेसरीसारख्या गडहिंग्लज तालुक्यातील गावातून चंदगडमार्गे तिलारी घाट उतरून कोकणात जाणाऱ्याला ‘टॉप मॉडेल’च्या पडद्यांपेक्षा कमी वेगातील ओढ, म्हणजे टॉर्क, अधिक उपयोगी; त्या दृष्टीने डिझेल टिकणे महत्त्वाचे ठरते. फोर व्हील ड्राइव्ह मात्र सुरुवातीच्या यादीत नव्हते.

परतलेल्या नावाबरोबर जुन्या काचेची आठवण परत येते. पण इंजिनांची यादी १९९१ प्रमाणेच कारखान्याच्या हाती असलेली यंत्रे, इंधनाचा भाव आणि सरकारी नियम मिळून ठरवतात, आणि तर्क करणाऱ्यांनी गाडीच्या इतिहासाइतकेच कराचे तक्ते वाचले असते तर उत्तर बरेच आधी सापडले असते.