हृदयाची ऑपरेशनं: कोणत्या आजारावर कोणतं?

‘हार्टचं ऑपरेशन करावं लागेल’ एवढं ऐकून नातेवाईक बाहेर येतात आणि एकमेकांना विचारतात, ‘म्हणजे बायपास का?’ हा शब्द घरोघरी पोहोचलाय, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण हृदयाला रक्तवाहिन्या आहेत, झडपा आहेत, कप्प्यांमधले पडदे आहेत आणि ठोके चालवणारी विद्युत यंत्रणाही आहे. बिघाड नेमका कशात आहे, त्यावर ऑपरेशन ठरतं. म्हणून फाइलवर आजाराचं नाव काय लिहिलंय, ते आधी विचारून घ्या.

बायपास

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या की चालताना, जिना चढताना छातीवर दडपण येतं. अडथळे थोडे असतील तर औषधांनी किंवा स्टेंट घालून भागतं. स्टेंट घालणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, हे छाती उघडून केलेलं ऑपरेशन नव्हे. ते मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून होतं. मात्र डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल किंवा तिन्ही धमन्या खराब असतील, आणि त्यात मधुमेह असेल, तर बहुतेक वेळा बायपासचा फायदा जास्त टिकतो.

बायपासमध्ये अडथळा काढत नाहीत. त्याच्या पुढे रक्त पोहोचावं म्हणून नवी वाट जोडतात. त्यासाठी छातीच्या आतल्या बाजूची धमनी, पायातली शीर, कधी हाताची धमनी वापरतात. छातीतली धमनी सर्वांत जास्त वर्षं चालते. ‘पायाची शीर काढल्यावर चालता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. येतं. पावलाला काही आठवडे सूज राहते, एवढंच. आणि जुन्या धमन्यांना झालेला आजार नव्या वाटांनाही होतो, त्यामुळे तंबाखू सुटली नाही तर ऑपरेशनचा फायदा फार काळ टिकणार नाही.

छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला साधारण ३ महिने. तोवर भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, कडेवर नातवंड, यातलं काहीही उचलायचं नाही.

झडपांची ऑपरेशनं

आपल्याकडे तरुण रुग्णांत झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे लहानपणी येऊन गेलेला संधिवाताचा ताप. घसा दुखतो, मग ताप येतो, सांधे सुजतात, आणि सगळे विसरून जातात. पुढे काही वर्षांनी, बऱ्याचदा गरोदरपणात, दम लागू लागतो. तेव्हा कळतं की मायट्रल झडप आकसली आहे. झडप नुसतीच आकसलेली आणि फारशी कडक नसेल, तर फुग्यानं ती उघडता येते. गळत असेल तर शक्यतो दुरुस्ती, नाही तर बदल. उतारवयात महाधमनीची झडप चुना साठून कडक होते. अशा काही रुग्णांत जांघेतून नळी घालून नवी झडप बसवता येते.

झडप बदलायची ठरली की घरच्यांनी नीट बसून विचार करावा. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला बहुधा ती कायमची लागत नाही, पण साधारण १० ते १५ वर्षांत ती झिजते आणि तरुणांत त्याआधीही. ही ऊती गाईची किंवा डुकराची असते. त्याबद्दल घरात काही भावना असतील, तर त्या ऑपरेशनच्या आधी बोला. डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नाही. मूल व्हायचं असेल तर तेही सांगा, कारण या गोळ्या गर्भाला धोक्याच्या ठरू शकतात.

धातूची झडप बसवल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी थांबवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. झडपेवर गुठळी धरते, झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. गोळीचं प्रमाण आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतं. मेथी-पालक सोडायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं करू नका. अंगदुखीची गोळी किंवा काढा स्वतःहून घेऊ नका. दात काढायच्या आधी दंतवैद्याला झडपेबद्दल जरूर सांगा.

जन्मजात दोष

पडद्यातली लहान छिद्रं काही वेळा आपोआप बुजतात. काही छत्रीसारख्या उपकरणानं, तर काही ऑपरेशननं बंद करतात. मोठं छिद्र ‘मूल मोठं झाल्यावर बघू’ म्हणून सोडलं, तर फुप्फुसांतला दाब इतका वाढू शकतो की नंतर ऑपरेशनच करता येत नाही. दूध पिताना घामाघूम होणारं, वजन न वाढणारं किंवा ओठ निळे पडणारं बाळ लगेच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक ऑपरेशनांचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, पैशांची जमवाजमव नंतर.

पेसमेकर हे त्या मानानं छोटं काम: ठोके फार मंदावले की गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पाणी, छातीचं हाड हलल्यासारखं किंवा ‘कट्’ वाजल्यासारखं जाणवणं, वाढता दम, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात या.