कुंपणाबाहेरची नजर

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत लष्करी विमानतळ नाही. लढाऊ विमानांची सर्वांत जवळची मोठी धावपट्टी सह्याद्रीपलीकडे, पुण्याजवळच्या लोहगावला आहे. तरीही लष्करी विमाने न्याहाळण्याच्या आणि त्यांची छायाचित्रे टिपण्याच्या छंदाविषयी लिहिताना आरंभ रायगड जिल्ह्यातूनच करावासा वाटतो. 'पाहणे' या साध्या क्रियेला राज्यसंस्था कधी कर्तव्य मानते आणि कधी गुन्हा, हे या जिल्ह्यात उभे राहिले की चटकन ध्यानात येते.

टेहळणी हा या किनाऱ्याचा जुना व्यवसाय. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले ते एवढ्यासाठी की त्या बेटावरून मुंबई बंदरातली ये-जा कुणाच्या तरी नजरेखाली येणार होती. त्यानंतर तीन शतकांनी, १९९३च्या आरंभी, याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीची शस्त्रे व स्फोटके उतरली. पुढे २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रमार्गेच झाला आणि किनारी गावांतल्या कोळी बांधवांना समुद्रावर लक्ष ठेवण्याचे, अनोळखी होडी दिसताच कळवण्याचे आवाहन वारंवार होऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी संशयित माणसे पाहिल्याचे सांगितले, तर मुंबई, ठाणे आणि रायगडमध्ये अतिदक्षतेचा इशारा दिला गेला आणि नौदलापासून पोलिसांपर्यंत सगळी यंत्रणा शोधात उतरली. हाती काही लागले नाही. पण मुलांनी पाहिले आणि सांगितले, याबद्दल त्यांना कुणी दोष दिला नाही.

आता घाट चढून लोहगावला जाऊ. हा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळातला, १९३९ चा. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला. १९६१ च्या गोवा मुक्तिसंग्रामात दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी कॅनबेरा विमाने येथूनच उडाली. रशियन बनावटीचे सुखोई-३० हे विमान भारतात पहिल्यांदा दाखल झाले तेही येथेच, १९९७ मध्ये. त्याची सुधारित आवृत्ती २००२ मध्ये आली. आणि याच धावपट्टीवरून पुण्याची नागरी विमानेही उडतात. म्हणजे दररोज हजारो प्रवासी खिडकीतून सुखोई पाहतात. मात्र त्यांच्यापैकी कुणी वही काढून विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक लिहून घेऊ लागला, किंवा कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर मोठ्या भिंगाचा कॅमेरा रोखून उभा राहिला, तर तीच नजर संशयास्पद ठरते.

या संशयाला कायद्याचे अधिष्ठान आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने लष्करी, नाविक व हवाई दलाच्या आस्थापनांना 'निषिद्ध स्थान' ठरवले. त्या कायद्यातील 'रेखाचित्र' या शब्दाच्या व्याख्येत छायाचित्रही येते. राज्याच्या सुरक्षिततेला बाधक अशा हेतूने अशा स्थानाजवळ जाणे, त्याचे चित्र वा टिपण करणे हा अपराध असून संरक्षणविषयक आस्थापनांच्या बाबतीत चौदा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असा भाग पुढेच आहे. बाधक हेतू दाखवणारे विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही, तरी प्रकरणाची परिस्थिती, आरोपीचे वर्तन किंवा त्याचे ज्ञात चारित्र्य यांवरून तो हेतू गृहीत धरता येतो. कर्त्याच्या हेतूचा शोध घ्यावा की नाही, यावर समीक्षेत दीर्घ वाद झाले; येथे वाचकाला लागलेला अर्थच कर्त्याच्या माथी हेतू म्हणून मारला जाऊ शकतो. या कायद्याच्या जोडीला १९३७ च्या विमान नियमांतील तेरावा नियम होता. त्याने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मज्जाव केला. नागरी प्रवाशांसाठी हा मज्जाव २००४ मध्ये सैल झाला. लष्करी धावपट्ट्यांचा प्रश्न तसाच राहिला.

दोन्ही कायदे वसाहतकाळातले आहेत, हे सांगून थांबणे सोपे आहे. पण ज्या देशाने ते येथे आणले, त्याच देशात विमाने न्याहाळण्याची हौस वाढली. ब्रिटनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या निरीक्षक दलात सामान्य नागरिक होते. आकाशात दिसणारे विमान शत्रूचे की आपले, हे आकारावरून आणि आवाजावरून ओळखण्याचे शिक्षण त्यांना दिले गेले. १९४१ मध्ये तर याच विषयाला वाहिलेले नियतकालिक निघाले. युद्ध संपले, शिकवलेली नजर मात्र उरली, आणि तिचा छंद झाला. इंग्रजीत ज्याला 'प्लेन स्पॉटिंग' म्हणतात, त्याचे एक मूळ असे नागरी संरक्षणात आहे. राज्यानेच पाहायला शिकवले, आणि पुढे पाहणाऱ्याची ओळख पटेनाशी झाली.

भारतात तो धागा तसा जुळला नाही. योगायोग असा की भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. टाटांचे विमान कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून उडाले आणि पुढच्याच वर्षी हवाई दलाची पहिली तुकडी त्याच ड्रिग रोडवर उभी राहिली. नागरी आणि लष्करी उड्डाण अशा रीतीने एका मातीवर जन्मले. त्यांतल्या टपालाच्या विमानाच्या आठवणी कौतुकाने सांगितल्या गेल्या. लष्करी विमानाची आठवण मात्र बहुतेक फायलींतच राहिली.

छंदिष्टाला हेर समजण्याची चूक कुठे नेते, याचे गाजलेले उदाहरण ग्रीसमधले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता येथील हवाई तळावर बारा ब्रिटिश व दोन डच पर्यटकांना अटक झाली. ती सहल आखलेलीच होती विमाने पाहण्यासाठी. त्यांच्या वह्यांतले क्रमांक हाच त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. निव्वळ क्रमांक जुळवण्यासाठी कुणी देशोदेशी हिंडते, हे तपास करणाऱ्यांना पटेना. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची, तर उरलेल्यांना साहाय्याबद्दल एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अपिलात सगळे निर्दोष सुटले. भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये, पुण्याच्या जर्मन बेकरीतील स्फोटानंतर काही दिवसांतच, दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छंदिष्टांना अटक झाली. धावपट्टी दिसेल अशी खोली त्यांनी मागितली होती. एप्रिलमध्ये दंड भरून ते सुटले. ज्या आठवड्यात पुण्यात माणसे मेली होती, त्या आठवड्यात हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना शंका यावी, यात अस्वाभाविक काही नाही. उरणच्या मुलांनी जे केले, तेच त्यांनी केले. पाहणाऱ्याला पाहणारा दुसरा कुणी असतोच.

राज्यसंस्थेची अडचण अशी की तिला लपायचेही असते आणि दिसायचेही असते. ऑक्टोबर २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी गूगल अर्थवरून संवेदनशील ठिकाणे कुणालाही दिसू लागल्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. आठच महिन्यांनी, ८ जून २००६ रोजी, त्यांनी लोहगावहून सुखोईतून उड्डाण केले आणि ती छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनीही तेथूनच उड्डाण केले. बंगळूरजवळच्या येलहंका या लष्करी तळावर १९९६ पासून भरणाऱ्या एअरो इंडिया प्रदर्शनात हौशी छायाचित्रकारांची झुंबड उडते. तेच विमान, तशीच धावपट्टी. फरक इतकाच की केव्हा पाहायचे, हे तेथे राज्य ठरवते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर उड्डाण व उतरण्याच्या वेळी प्रवाशांनी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, असा आदेश काढला, तेव्हा या नात्याचे दुसरे टोक दिसले.

सुरक्षिततेची चिंता खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवे. एका विमानाचा एक क्रमांक निरुपद्रवी असतो. पण कोणता क्रमांक कोणत्या तारखेला कोठे दिसला, याच्या शेकडो नोंदी जुळवल्या की तुकडीची हालचाल उलगडते. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर दहशतवादी शिरले, त्यानंतर कुंपणाजवळ रेंगाळणाऱ्या माणसाकडे पहारेकरी सहजपणे पाहील अशी अपेक्षा करता येणार नाही. उपग्रह सगळे पाहतातच, मग कॅमेऱ्याने काय बिघडते, हा युक्तिवादही अपुरा आहे. उपग्रह ठरावीक वेळी वरून पाहतो. कुंपणाशी उभा असलेला माणूस दिवसभर पाहतो, आवाज ऐकतो, आणि आज काय वेगळे आहे ते त्याला समजते.

आणि नेमके याच कारणासाठी इतिहासकाराला त्या माणसाची गरज असते.

डिसेंबर १९६१ च्या दाभोळीवरील हल्ल्याचे उदाहरण घ्या. बाँबफेकीने धावपट्टी खराब झाली, तरी तेथे असलेली दोन नागरी विमाने त्या रात्री तिच्यावरूनच उडून निसटली. हल्ला किती परिणामकारक होता, हा प्रश्न अशा तपशिलावर ठरतो. आणि मोहीम यशस्वी झाल्याचे सांगणाऱ्या अहवालात असा तपशील सहसा ओळीच्या कडेला राहतो. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये सिद्ध केला, पण तो मर्यादित वाटपापुरता होता. पुढे एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळामुळे लोकांसमोर आला. त्या युद्धातील हवाई लढाईचा सविस्तर इतिहास २००५ मध्ये प्रसिद्ध केला तो पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांनी. दोघेही पेशाने लष्करी इतिहासकार नव्हेत. चोप्रा तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. भारत-रक्षक या संकेतस्थळावर हौशी अभ्यासकांनी विमानांचे क्रमांक, तुकड्या, अपघात यांच्या ज्या याद्या वर्षानुवर्षे जुळवल्या, त्या वरवर रुक्ष वाटतात. पण हस्तलिखितांच्या पाठभेदांची सूची करणाऱ्या संपादकाला त्यांचे मोल सांगायला नको. कोणते विमान कोणत्या दिवशी परतले नाही, हे कळले की कोणता वैमानिक परतला नाही, हे शोधता येते.

वस्तू तर टिकत नाहीतच. विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, ते मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. साठ वर्षांहून अधिक काळ ते हवाई दलात होते. ओझरच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी, शाळकरी मुलांनी त्याला किती वेळा मान वर करून पाहिले असेल! त्या पाहण्याची लेखी नोंद आपल्या भाषेत जवळजवळ नाही. भीतीने लिहिले गेले नाही, की लिहिण्याजोगे वाटले नाही, हे वेगळे काढणे आता कठीण आहे.

यावर उपाय म्हणजे कुंपणे काढणे नव्हे. सध्याच्या हालचाली गुप्त राहाव्यात. पण निवृत्त विमानांच्या नोंदी, तुकड्यांच्या दैनंदिन्या ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांना खुल्या व्हाव्यात, आणि तळांचे खुले दिवस नियमाने व्हावेत. गोव्यात दाभोळी तळाजवळ नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. निवृत्त विमानांसमोर कॅमेरा काढल्याने तेथे कुणाचे नुकसान झालेले नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात, नवी मुंबईच्या नागरी विमानतळाचे उद्घाटन झाले. पेणहून तो दूर नाही. पेण-रोह्याच्या मुलांना आता विमाने ओळखायला शिकता येईल, वहीत क्रमांक लिहिता येतील. त्यांच्या शिक्षकांनी वहीत तारीख आणि वेळही लिहायला सांगावी. होडी पाहून कळवणारा जिल्हा विमान पाहून लिहूनही ठेवू शकेल.